भाईच्या नावाचं पाखरू

देरा (आखात), ६ मार्च १९६४, शुक्रवार
सुट्टी. भाईची पेटी केनियातल्या चहामळ्यावरून एकदाची आली. तो वारला त्याला सात महिने झाले. आत त्याने रात्री दिव्यावर पकडलेली पाखरं, पतंगच सगळे, एकेक तिकोनी घडीच्या कागदात. कागदावर त्याच्या हातचं: डोंगर, उंची, तारीख. पाखरं कडक झालीत, टाचणी लावली तर मोडतील. कागदातून काढून सगळी ओल्या फडक्याच्या डब्यात मऊ व्हायला ठेवली.

८ मार्च
टाचण्या लावल्या, लहान-मोठी बघून. कागदांवरचं रजिस्टरात उतरवलं, मग कागद फाडले. ऑफिसची सवय, फेअर झालं की रफ फाडायचं. पेटी काय देखणी दिसते! रजिस्टराच्या नकलेसकट लंडनच्या म्यूझियमला पाठवतो.

११ मे
म्यूझियमच्या साहेबांचं पत्र! पंखावर फिका पट्टा असलेली चार पाखरं नवी उपजात असावी. तसं ठरलं तर भाईचं नाव देणार. लगेच रत्नागिरीला भाभीला कळवलं.

२ जून
साहेब विचारतात, रजिस्टरात डोंगर दोन, केनिया पर्वत नि आबरदेर. पट्ट्याची चार कुठली? मूळ कागद पाठवा.
कुठलं पाखरू कुठल्या कागदातलं, आता कसं सांगू? डब्यात सगळी एकत्र टाकली मीच. कागद फाडले मीच.

५ जून
खोलीतला हसन म्हणाला, "अरे यार, तुझं नि भाईचं अक्षर सेम टु सेम. चार कागद लिही, थोडे मळव. खलास! कौन देखता है?"
अक्षर भाईनेच गिरवून घेतलं होतं. एक कागद लिहून पाहिला. 'आबरदेर' हुबेहूब त्याचं आलं. लाज वाटली. आणि खोटं कशाला लिहू, क्षणभर बरंही वाटलं, जणू तोच लिहितोय. मग फाडला.

२० जून
भाभीचं पत्र. मोहल्ल्यात सांगून झालंय. धाकटी रोज विचारते, अब्बांचं पाखरू पुस्तकात कधी छापणार.
भाभीला लिहिलेलं ते पत्र पोस्टात टाकण्याआधी निदान एक दिवस थांबायला हवं होतं मी.

२३ जून
साहेबांना खरं काय ते लिहिलं. रजिस्ट्रीने पाठवलं. हसन भडकला: "भाईचं नाव तूच पुसलंस, समझा?"

१६ जुलै
साहेबांचं उत्तर. खरं कळवल्याबद्दल आभार. ठिकाण पक्कं नसेल तर उपजात जाहीर करता येत नाही. कुणी त्या डोंगरांत पुन्हा जाऊन पकडली तर पाहू. पाखरं कपाटात जपून ठेवलीत.
पुन्हा कोण जाणार? कशाला?
भाभीला लिहायला बसलो. सलाम लिहिला. तब्येत लिहिली, उकाडा लिहिला, हसनच्या दाढदुखीचंसुद्धा लिहिलं. पान भरत आलंय, भाईचं अजून काही लिहिलेलं नाही.