साहेबांच्या पानातली भाकरी

आई, परवा माहेरी गेले होते. ओढ्यावरचा आपला साकव पार कुजलाय. पाऊल टाकलं की फळी करकरते आणि खाली बघवत नाही. पाऊस तोंडावर आलाय. तुझी आठवण नुसती आली नाही, अंगावर आली.

माझ्या पहिल्या बाळंतपणाचं ते साल. मला सातवा लागलेला आणि सुईण ओढ्यापलीकडच्या वाडीत. ओढा भरला की दिवसचे दिवस इकडचं माणूस तिकडे जात नसे. आदल्या पावसाळ्यात काकू तशीच गेली, पोटातल्या जिवासकट. शेतसाऱ्याबरोबर गाव लोकल फंडाचे जादा आणे भरायचं. ते भोरला जमा व्हायचे आणि त्यातला वाटा विहिरी-साकवांसाठी गावांकडे परत यायचा. आधी कुठल्या गावाला, हे फिरतीवर आलेले साहेब गावाची नड बघून ठरवायचे. साहेब आपल्यातलेच, म्हणून जेवण आपल्या ओसरीवर. आबा गावचे पाटील ना. भात आपण पिकवायचो, पण तो साऱ्यापायी विकला जायचा. तरी साहेब यायच्या दिवशी घराघरातून तांदूळ आणि तूप मागून आणायचं आणि साहेबांच्या भातावर धार धरायची. साहेब तृप्त होऊन जायचे, गाव खाऊनपिऊन सुखी आहे असं लिहायचे आणि वाटा दुसरीकडे जायचा. आबा म्हणायचे, आपलं नशीबच फुटकं. नशीब कसलं, तूप आडवं येत होतं. हे आधी तुझ्या ध्यानात आलं.

त्या साली साहेब आले, त्या दिवशी तू तूप मागायला कुणालाच पाठवत नाहीस. नाचणीचं पीठ मळायला घेतेस. आबा चुलीशी येऊन उभे राहतात. साहेब ओसरीवर, म्हणून आवाज दबका.

"ह्ये काय मांडलंयस? गावाची अब्रू घालवतीस व्हय?"

तू मान वर करत नाहीस. "अब्रूवर बसून वडा वलांडता येत न्हाई. सुईनीला तुमी खांद्यावर आनाल का?"

आबांच्या कपाळाची शीर उडायला लागते. मी भिंतीला टेकून, पोटावर हात ठेवून उभी. साहेब ताट सारून उठले तर काय?

साहेबांनी पानातली भाकरी पाहिली, शेजारची चटणी पाहिली.

"पाटील, रोज हेच?"

आबांच्या आधी दाराआडून तूच बोललीस, "रोज चटनी नसती सायब. आज पाव्हनं आल्यात."

साहेब हसले नाहीत. भाकरी मोडली, सगळी खाल्ली आणि हात धुता धुता म्हणाले, "साकव कुठं हवा ते दाखवा."

लाकूड गावानं दिलं, मेहनत गावानं केली, सुताराची मजुरी आणि लोखंड फंडातून आलं. भर पुरात सुईण त्या साकवावरून आली. माझा थोरला आज कमावता आहे. आबा मात्र दिवाळीपर्यंत तुझ्याशी बोलले नाहीत आणि पाणवठ्यावरच्या बायका तुला भाकरीवाली पाटलीण म्हणत राहिल्या. तू हंडा भरून निमूट घरी यायचीस. मला त्या बायकांचा राग यायचा, अजून येतो.

परवा गावाची नड बघायला नवे साहेब यायचे होते. आता वहिनीची सून पोटुशी आहे. वहिनीनं तुझी गोष्ट मनात धरून नाचणीच्या भाकरी थापल्या. दादा ओसरीवर मान खाली घालून बसला होता, शेजारणी दारातून डोकावत होत्या. मी भोरच्या मास्तरांची बायको, चार माणसांत वावरलेली. माझ्या पिशवीत घरच्यांसाठी नेलेली तुपाची बरणी होती.

तू तर नाहीस, हे पत्र कुणाच्या हाती देणार? चुलीतच जाईल. साहेबांच्या पानात तूप मी वाढलं, आई.