सुटका नको, धाकटा आत आला आहे

प्रति,
मा. अधीक्षक,
मध्यवर्ती कारागृह

विषय : माझी मुदतपूर्व सुटका रद्द करून मला याच बॅरेकमध्ये ठेवण्याबाबत.
संदर्भ : आपला सुटकेचा आदेश.

महोदय,

मी जन्मठेपेचा कैदी असून शिवण विभागाचा मुकादम आहे. चांगल्या वर्तनाबद्दल आपण मला सोडत आहात, याबद्दल आभार. परंतु माझा सख्खा धाकटा भाऊ गेल्याच महिन्यात जन्मठेपेवर येथे दाखल झाला आहे.

वडिलांच्या दुकानाला आग त्याने लावली. आत झोपलेला राखणदार मेला. कोर्टात मात्र त्याने माझ्याकडे बोट दाखवले आणि मी आत आलो. पुढे त्याने आणखी एक दुकान पेटवले, तेव्हा खापर फोडायला दुसरा भाऊ उरला नव्हता.

महोदय, आम्हा कैद्यांत खुन्यालाही मान असतो. सख्ख्याविरुद्ध खोटी साक्ष देणाऱ्याशी मात्र कोणी बोलत नाही, जेवताना त्याच्या शेजारी कोणी बसत नाही. हा रिवाज जुन्यांनी पाळायचा आणि नव्यांकडून पाळून घ्यायचा असतो. मी गेलो की नवी पोरे त्याला पंगतीत घेतील. परवाच एकाने त्याला चहा दिला. त्या चहा देणाऱ्याला मी समज दिली आहे.

मी त्याच्या अंगाला हात लावणार नाही, हे लिहून देतो. त्याला फक्त शिवण विभागात द्यावे. त्याने दिवसभर मारलेली टीप मी संध्याकाळी उसवीन. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा मारेल. शासनाचे यात दोऱ्यापलीकडे नुकसान नाही.

पहाऱ्यावरचे शिपाई म्हणाले, "काका, वेड लागलंय का? लोक सुटायला देव पाण्यात घालून बसतात!" धाकटा म्हणतो, "दादा, झालं गेलं विसर ना." विसरायला त्याच्यापाशी बायको होती, नवे दुकान होते. माझ्यापाशी त्याला आठवणे एवढेच काम होते आणि ते मी मन लावून केले आहे. आता तो हाताशी आल्यावर आपण मला बाहेर काढता, हा न्याय नव्हे.

बाहेर आई राहिली नाही. घर त्याने विकले. मला दादा म्हणणारे जगात एकच माणूस उरले आहे आणि ते आपल्या ताब्यात आहे. त्याच्याशी न बोलण्यासाठी का होईना, मला त्याच्याजवळच ठेवावे.

आपला आज्ञाधारक, सुटण्यास नाखूष,
(अंगठा नव्हे, सही)
मुकादम, शिवण विभाग

दिनांक : सुटकेच्या आदल्या दिवशी

सोबत : सुटकेचा मूळ आदेश, परत.