सर्दी झालेली घंटा

मंगळवार, १४ तारीख, दुपार

प्रिय ताई,

तुझं पत्र कधी आलं ते विचारू नकोस. उत्तर टाळत होते. शाई आणायला निघालं की वाटेत जुना बाजार लागतो, आणि पुढे माझं काय होतं ते तुला ठाऊक आहे. दोरवाल्यांच्या गल्लीतून मेणबत्तीवाल्यांच्या गल्लीत, तिथून देवळामागे. देवळाला पाठ लावून चर्च, समोर मशीद, तिन्ही दारांतल्या चपला एकमेकींत मिसळलेल्या. शाई राहूनच जाते.

बाबांचा निरोप पोचला. ‘महिनाअखेर दुकानावर येऊन बस, नाहीतर घरचं दार विसर.’ विसरले म्हणून सांग. तू सांगणार नाहीस, तेव्हा पत्रच वाचून दाखव.

या पत्त्यावर मी कुणाकडे राहते ते तू विचारलं होतंस. घंटा ओतणाऱ्या एका म्हाताऱ्याच्या माडीवर. काम शिकतेय. या भागात ज्या देवाला घंटा लागते, त्याला ती इथूनच जाते. “गिऱ्हाइकाला देव नाही विचारायचा गं, माप विचारायचं,” म्हातारा म्हणतो. हाताला दोनदा भाजलंय. ओरडू नकोस.

पहिल्याच आठवड्यात त्याने एका घंटेवर बोट मुडपून टकटक केली, कान लावला आणि म्हणाला, “हिला सर्दी झालीय.”

ताई, हे तर आपल्या दुकानातलं! चिरलेलं भांडं हाती लागलं की बाबा हेच म्हणतात, अगदी तसंच बोट मुडपून. मी विचारलं, “आजोबा, हे कुठून उचललंत?”

“एक पळून आलेलं पोरगं म्हणायचं. पाय एका जागी ठरायचा नाही, म्हणून आम्ही त्याला भिंगऱ्या म्हणायचो. हात काय होता त्याचा! बाप न्यायला आला, तसा मान खाली घालून गेला. आता भांडी विकतो म्हणे.”

भांडी विकतो म्हणे! आणि आपल्याला काय ऐकवलं जन्मभर? आपल्या घरातलं कुणी कधी उंबरा ओलांडून भटकलं नाही, ही एकच कार्टी निघाली!

मी नाही जायची मान खाली घालून. काल माझी पहिली घंटा साच्यातून काढली. सर्दीवालीच निघाली. मला रडू फुटलं, तर म्हातारा म्हणाला, “रडतेस काय? वितळव, पुन्हा ओत.” आपल्या घरी चुकल्यावर कुणी असं कधी बोललंय? ती घंटा खाली पायरीवर ठेवलीय. उद्या वितळवणार, आणि बरी निघेपर्यंत ओतत राहणार.

थांब, खाली कुणीतरी ती वाजवतंय. गिऱ्हाईक असेल.

गिऱ्हाईक नाही. टकटक झाली, मग आवाज आला, “हिला सर्दी झालीय.” मग हळूच, “पण काठ चांगला उतरलाय.”

म्हातारा ओरडतोय, “कोण, भिंगऱ्या?”

ताई, बाबा आलेत. मी खाली जातेय. मान वर करून, आणि हात न धुता.

तुझी धाकटी,
भट्टीवाली