पुरुषांच्या वेळेत सौनाची (वाफेच्या स्नानगृहाची) भट्टी बंद केल्याबद्दल माफी न मागण्याबाबत

दिनांक : १६ एप्रिल २०२५

प्रति,
मा. क्रीडा व आरोग्य सेवा अधिकारी,
नगरपालिका कार्यालय, कोस्केनपेरा.

अर्जदार : आउने राइस्किला, मार्गदर्शिका, साठीनंतरचा तंदुरुस्ती वर्ग, नगरपालिका क्रीडागृह.

विषय : माफीनाम्यावर सही करण्यास नकार, आणि बुधवारचा वर्ग पुन्हा माझ्याकडे देण्याबाबत.

संदर्भ : आपले दि. ३ एप्रिलचे पत्र.

सोबत : (१) डॉक्टरांचा दाखला. (२) आपण पाठवलेला माफीनामा, कोरा. (३) वीजफळ्याच्या कपाटाची किल्ली.

महोदय,

“कुणाच्या पायातून आवाज आला की आधी माणसाला थांबव. तो काय म्हणतो ते ऐकू नकोस, पाय काय म्हणतो ते ऐक.” आमच्या चर्चच्या परिचारिका सिस्टर साइमा यांनी मला सत्तावीस वर्षांपूर्वी हे शिकवले. त्या आता हयात नाहीत, म्हणून साक्षीला आणू शकत नाही. पण दि. ५ फेब्रुवारी रोजी मी जे केले ते एवढेच होते, हे आधी नमूद करते.

१. त्या बुधवारी वर्ग संपत आला होता. शेवटची दहा मिनिटे पुरुष मंडळी काठी-चेंडू खेळतात. लाकूड गिरणीतून निवृत्त झालेले श्री. टाउनो लेहतिओ, वय ६८, चेंडूमागे झेपावले आणि सुकी फांदी मोडावी तसा आवाज झाला. ते थांबले, मागे वळले आणि ओरडले, “कोणी लाथ मारली रे?” त्यांच्या मागे बारा पावलांत कोणी नव्हते. महोदय, पोटरीला टाचेशी जोडणारी टाचेमागची जाड शीर तुटली की माणसाला अगदी असेच वाटते, मागून कोणीतरी लाथ घातली असे. मला तिथेच समजले.

२. मंडळींना मात्र वेगळेच समजले. श्री. रेइयो पाल्सा, जे आता तक्रारदार आहेत, म्हणाले, “बोटं हलव बघू. हलतात! मग तुटलंय काय, तुझं नशीब?” सगळे हसले. टाउनोही हसले. शीर तुटली तरी बोटे हलतात, आणि नेमकी इथेच फसगत होते. मी त्यांना बाकावर पालथे झोपवून पोटरी दाबली. चांगल्या पायाचा पंजा हलला, दुखऱ्याचा हलला नाही. मी सांगितले, “पाय टेकवायचा नाही. गरम काही नाही. दवाखाना.” तोवर दोघांनी त्यांना बगलेत धरून उभे केलेही होते. त्यातला एक म्हणाला, “आउने, तुझं आपलं काहीतरीच. सौनात बसवतो, बर्च झाडाच्या पानाळ फांदीने दोन सपकारे मारतो, घोट्यावर दारूचा एक घोट चोळतो, उद्या नाचेल!”

३. येथे माझ्या विरोधात असलेली एक गोष्ट मी आपण होऊन सांगते. मी आवाज चढवत नाही. ते माझे रोजचे व्रत आहे, एकोणीस वर्षांचे. सकाळचे स्तोत्र म्हटल्याशिवाय कॉफी घेत नाही, आणि दिवसभरात कुणावर ओरडत नाही. तेव्हा मी तीन वेळा सांगितले, आणि तिन्ही वेळा कोणाला ऐकू गेले नाही. चौथ्यांदा सांगण्याऐवजी मी वीजफळ्याकडे गेले, सौनाची भट्टी बंद केली, कपाटाला कुलूप लावले, किल्ली खिशात टाकली आणि टाउनोंना आत नेता येऊ नये म्हणून सौनाच्या दारात खुर्ची टाकून बसले. आत आधीपासून वाफ घेत बसलेली सव्वीस माणसे होती. ती मला बाहेर ऐकू येईल इतक्या जोरात बोलू लागली.

४. आपल्या पत्रात म्हटले आहे की, “दुखापतीची नोंद विहित नमुन्यात करून क्रीडागृह देखभालदारांची सही घेतल्यानंतरच” पुढील कारवाई करायला हवी होती. मान्य. पण देखभालदार त्या वेळी सौनाच्या वरच्या बाकावर होते, अंगावर सूतही नव्हते. मी दाराच्या फटीतून नोंदीचा कागद आत सरकवला होता. तो ओला होऊन परत आला, आणि त्यावर सही नव्हती.

५. पत्रातील दुसरा आरोप सॉसेजचा. वाफ मिळणार नाही म्हटल्यावर मंडळींनी टाउनोंना पुन्हा बाकावर सोडले. प्रथमोपचाराच्या शीतपेटीत बर्फाच्या पिशव्या असाव्यात असा आपलाच नियम आहे. मी पेटी उघडली तर आत बिअर आणि श्री. पाल्सा यांची गोठवलेली सॉसेजची पाकिटे. त्यातली दोन मी टॉवेलात गुंडाळून टाउनोंच्या घोट्याला लावली, पंजा थोडा खाली झुकलेला ठेवून फळीला बांधला, आणि त्यांना माझ्या गाडीत मागे आडवे करून बेचाळीस किलोमीटरवरच्या रुग्णालयात नेले. सॉसेज वितळली हे खरे आहे. सूज मात्र आवाक्यात राहिली. दाखला पाहावा : शीर पूर्ण तुटलेली.

६. मी सौनाच्या विरोधात आहे असे पसरवले जाते. पूर्वी आमच्याकडे बाळंतपणे सौनातच होत; मी सौनात जन्मले, महोदय, माझी आईही. व्यायामाने मांड्या भरून आल्या, दुसऱ्या दिवशी जिना चढवेना, तर खुशाल बसावे, मीही बसते. पण आवाज झाला, एकदम कळ आली, सूज चढू लागली, पायावर भार देता येईना, तर पहिले दोन-तीन दिवस उष्णता नको, चोळणे नको, दारू नको. एवढ्या चार ओळींचा कागद मी भिंतीवर लावला होता. “वातावरण बिघडते” म्हणून तो नोव्हेंबरात काढला गेला. कोणी काढला हे मी विचारत नाही. तो परत लावावा अशी मागणी करते.

७. माफीनाम्यात मी लिहून द्यायचे आहे की, “असे पुन्हा घडणार नाही.” हे वाक्य मी लिहू शकत नाही, कारण ते खोटे ठरेल. पुन्हा आवाज आला तर मी पुन्हा भट्टी बंद करीन. किल्ली नगरपालिकेची आहे, ती परत करते. कपाट एरवी उघडेच असते, आणि खटका दाबायला किल्ली लागत नाही.

८. माझ्याकडून काढून घेतल्यापासून आठ आठवडे तो वर्ग कोणीच घेत नाही. मंडळी अंग न तापवताच खेळतात. मला वर्ग माझ्या मानासाठी नको आहे. तिथे पाहणारे कोणीतरी हवे, आणि पाहायला शिकलेली सध्या मी एकटीच आहे. वर्ग द्या किंवा देऊ नका, सही मिळणार नाही.

९. सही करण्यासाठी आपण मला आज दुपारी दोन वाजता कार्यालयात बोलावले आहे. मी येणार नाही. आज दोन वाजता टाउनोंच्या पायाला रुग्णालयाने चढवलेला पट्ट्यांचा आधारबूट उतरणार आहे आणि दहा आठवड्यांनी ते प्रथमच त्या पायावर उभे राहणार आहेत. रुग्णालयात त्यांनी माझा हात धरून म्हटले होते, “तेव्हा तू ये हं. ती गाढवं आली तर मला थेट वाफेत नेऊन बसवतील.” मी हो म्हटले होते. आता सव्वा वाजला आहे. हा अर्ज आपल्या दारावरच्या पेटीत टाकते आणि त्यांच्याकडे निघते.

या एका आज्ञेपुरती आपली अवज्ञा करणारी,

आउने राइस्किला