खाजेची गोळी

बाबा, आज कोन गावच्या एका टेम्पोवाल्याला तुझी गोळी लिहून दिली. किडनी अर्ध्याहून जास्त गेलेली, आणि अंगभर ती खाज. बायको सांगत होती, झोपेतसुद्धा खाजवतात हो, चादरीला रक्त लागतं. मी नेहमीचं सगळं सांगितलं. सगळ्यात कमी ताकदीची गोळी, झोपताना एकच. तोल जायला लागला, असंबद्ध बडबडायला लागले, तर लगेच फोन करा. ती म्हणाली, "बडबड म्हणजे कसली, मॅडम?" आणि मी पेन हातात धरून तशीच बसून राहिले. बाहेर पुढचा पेशंट खोकत होता, आणि मला मात्र करंजाड्याच्या माझ्या फ्लॅटची चौथ्या मजल्यावरची गॅलरी दिसत होती, दुपारचं पांढरं ऊन, समोर नव्या बिल्डिंगांचे सांगाडे, आणि प्लास्टिकच्या खुर्चीत तू, हातात नसलेलं सुकाणू धरून.

तुला मोरा बंदरावरून माझ्याकडे आणलं तेव्हा तू यायला कुठे तयार होतास! जन्मभर बोटीवर तांडेल म्हणून हुकूम सोडलेला माणूस. लिफ्ट बघून म्हणालास, "ह्या पेटीत मी नाय बसनार," आणि चार जिने चढून वर आलास, धापा टाकत, वर मलाच शिव्या. मग तुझी औषधांची पिशवी मी पलंगावर ओतली. गुडघ्यांसाठी मेडिकलवाल्याकडून वर्षानुवर्षं आणलेल्या त्या दुखण्याच्या गोळ्या, त्यांनीच तर किडनीची वाट लावली होती. त्या बंद. साखरेची जुनी गोळी बंद. कुणीतरी दिलेलं कसलंसं भस्म, तेही बंद. तू बघत राहिलास आणि म्हणालास, "बाकीचे डाक्टर गोल्या देतात, माजी पोर काढून घेते. कसली डाक्टर गो तू?" मी समजावत बसले. औषध अंगात गेलं की काम करून बाहेर पडायला हवं, बाहेर काढणारी किडनी, ती थकली की औषध आतच साचतं, आणि साचलं की तेच विष. तू हात झटकलास. "म्हंजे होरीत पानी येतंय नि उपसनारा म्हातारा झालाय. असा सरळ सांग ना!" बाबा, एवढी वर्षं शिकून मला हे असं, होडीच्या भाषेत, सांगता आलं नव्हतं. आता मी पेशंटना तेच सांगते, तुझं नाव न घेता.

खाज त्यानंतर सुरू झाली. ती कसली खाज, ती ज्याला येते त्यालाच ठाऊक. कातडीवर काही दिसत नाही, आणि माणूस वेडापिसा होतो. जाळं विणायची बांबूची सुई घेऊन तू पाठ खरवडायचास, चौकटीला पाठ घासत उभा राहायचास, मलमं, तेलं, सगळं झालं. म्हणून मी ही गोळी दिली. मुळात ती नसांच्या दुखण्याची, पण किडनीच्या खाजेवर चालते. पहिल्याच आठवड्यात तू असा झोपलास की मी दोनदा जाऊन श्वास चालू आहे का ते बघून आले. मला केवढा आनंद झाला होता! सगळ्या जगाला नीट औषध देते, तसं बापालाही देता आलं.

आणि मग आई यायला लागली.

मी क्लिनिकमधून दुपारी जेवायला घरी येते. तू गॅलरीत. डोळे अर्धे मिटलेले, ओठ हलतायत. "सावलीत बस ना," कुणाला तरी सांगतोयस. मी विचारते, कोण आहे? तू माझ्याकडे न बघताच म्हणतोस, "तुजी आये आयली हाय. म्हावऱ्याची पाटी उतरवून बसलीय जरा." मी खाली बसते. मी डॉक्टर आहे, मला कळतंय हे काय चाललंय, आणि तरी मी विचारते, काय म्हणते? "म्हनते, पोरीनं भातात पानी जास्त घातलंय." बाबा, खरंच भात चिकट झाला होता त्या दिवशी. मी हसले आणि मग मला रडू आवरेना. आई गेली तेव्हा मी होस्टेलवर होते, दोन दिवसांच्या तापात ती गेली, मी लाँचमधून उतरले तेव्हा धक्क्यावर तुम्ही सगळे गप्प उभे होतात. तिचं शेवटचं एक वाक्यसुद्धा माझ्या वाट्याला आलं नव्हतं. आणि आता ती रोज दुपारी माझ्या गॅलरीत येत होती, माझ्या भाताला नावं ठेवत होती.

पण रक्ताचा रिपोर्ट आला आणि माझे डोळे उघडले. किडनी आणखी खाली गेली होती, गोळी तेवढीच होती, म्हणजे ती आत साचत होती. आई कुठली येतेय, साचलेली गोळी येत होती! त्याच आठवड्यात तू गॅलरीच्या कठड्यावर पाय टाकलास. बोटीचा धक्का आला म्हणून उतरत होतास. शेजारच्या काकूंनी पाहिलं, बनियन धरून ओढलं. मी आले तेव्हा तू भिंतीला टेकून बसला होतास, ओरडा खाल्लेल्या पोरासारखा. म्हटलं, गोळी बंद, आणि आता डायलिसिस सुरू करायचं, किडनीवाले सर किती दिवस सांगतायत. तू म्हणालास, "मशीनवर मी जानार नाय. नि गोली बंद करू नको."

"खाजेला दुसरं काहीतरी देते ना."

"खाजंसाठी नाय मागत मी गोली," तू म्हणालास. "तुला कलत नाय व्हय, बाय?"

कळत होतं रे. तुझ्याइतकंच कळत होतं. गोळी चालू ठेवली असती तर तू एखाद्या दुपारी आईच्या मागे खुशाल उतरून गेला असतास. बंद केली असती तर मशीनशिवाय हट्टानं बसून मेला असतास. मग मी आईनं बाजारात केली असती तशी घासाघीस केली. म्हटलं, मशीनवर गेलास तर मशीन झाल्यावर गोळी मिळेल. रोज नाही, मशीनच्या दिवशीच. हे काही मी मनानं काढलं नव्हतं, डायलिसिसच्या पेशंटला ती तशीच देतात, कारण मशीन साचलेलं धुऊन काढतं. पण तुला मी ते असं सांगितलं, जणू आईचा वार ठरवून देत होते. मग म्हणालास, "शर्ट इस्त्री करून ठेव."

आणि काय थाटात जायचास! दाढी करून, केसांना तेल लावून. सिस्टर मला विचारायच्या, मॅडम, आजोबा लग्नाला आल्यासारखे का येतात? घरी आलास की भात, गोळी, आणि गॅलरीला आता जाळी लावलेली, तिथे झोप. उठलास की मी चहा घेऊन बसायचे आणि विचारायचे, आली होती का आई? "आयली व्हती ना." काय म्हणाली? "म्हनली, पोरगी वाललीय, दूध पीत जा म्हना." असं कितीतरी महिने. पण बाबा, मी बघत होते ना. डोस आता बरोबर होता. तुझे ओठ हलत नव्हते, तू नुसता गाढ झोपायचास. उठून आधी माझ्या तोंडाकडे बघायचास, आणि मग आई बोलायची. मी दमून आलेली असले की ती माझं कौतुक करायची. मी पेशंटवर वैतागलेली असले की दटावायची. एकदा तर म्हणाली, तुझा तो मायक्रोवेव्ह लय चांगला. आईनं मायक्रोवेव्ह कधी पाहिला होता? मला तेव्हाच कळायला हवं होतं. कळलंही. तरी मी विचारणं सोडलं नाही, आणि तू सांगणं. शेवटच्या दिवशीसुद्धा, मशीनच्या खुर्चीत सिस्टरशी गप्पा मारता मारता गेलास तेव्हा, अंगात इस्त्रीचा शर्ट होता.

हे पत्र टाकायचं कुठल्या पेटीत, मला विचारू नकोस. लिहून झालं की फाडीन. एवढं फक्त तुला सांगायचंय, दुसऱ्या कुणाला सांगितलं तर माझ्या दवाखान्यात कुणी पाऊल टाकणार नाही. तू गेल्यावर एका रविवारी, जेवून झाल्यावर, तुझ्या पाकिटात उरलेल्यातल्या दोन गोळ्या मी घेतल्या आणि गॅलरीत तुझ्या खुर्चीत डोळे मिटून बसले. माझ्या किडन्या धडधाकट रे. संध्याकाळी उठले, बाथरूमला जाऊन आले, चहा टाकला. कोणी आलं नव्हतं. आई नाही, आणि तूही नाही.