समासातली अडलेल्यांची नावे

मी, सुकदेव चिंधा बोरसे, वय एकोणपन्नास, धंदा नोट्स, झेरॉक्स व बायंडिंग, राहणार अमळनेर, जिल्हा जळगाव, पूर्ण शुद्धीत आणि स्वतःच्या विचाराने हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. कुणाच्या धाकाने लिहिले नाही, असे म्हणायची पद्धत आहे. धाक आहे, पण तो मी काही लिहू नये म्हणून घातलेला आहे.

गेल्या सोमवारी सकाळी, श्रावणात घरी बसवलेल्या कानबाई देवीला बोरी नदीवर निरोप देऊन परतलो आणि घरी न जाता ओल्या पायांनी दुकान उघडले. भौतिकशास्त्राच्या मूळ प्रतीतले जडत्वाचे पान काढले आणि समासात, भिकनच्या नावाखाली, स्वतःचे नाव लिहिले. पुढचे सगळे त्या पानावरून आले, म्हणून आधी ते सांगतो.

माझे शिक्षण गावच्या शाळेपुरते. मी विद्वान नाही, माझे अक्षर चांगले आहे. पास झालेली मुले वह्या देऊन जातात, प्राध्यापक मंडळी तपासून देतात, मी उतरवतो. विज्ञान, इतिहास, अर्थशास्त्र, हिशेबशास्त्र, सगळे याच हाताने. दुकानाची रीत अशी की जिथे एखादे मूल अडले तिथे समासात त्याचे नाव लिहायचे आणि त्याला कळेपर्यंत ते पान पुन्हा पुन्हा लिहायचे. कळले की त्याने स्वतः नावापुढे बरोबरची खूण करायची. पाचोऱ्याची पुनम घसाऱ्यावर अडली, तेव्हा तिच्या वडिलांच्या विहिरीवरची मोटार पानात आली. आजही ते पान मुले 'मोटारीचं पान' म्हणूनच मागतात. माझ्या नोट्सचे असे एकही पान नाही ज्यावर कुणी अडलेले नाही.

भिकन माझा चुलत पुतण्या, दुकानात बायंडिंग करी. दहावीला दोनदा बसून सुटलेला. शिवता शिवता पाने वाची आणि मला छळी. जडत्वावर त्याचे अडले. "नाना, चालती वस्तू आपली आपण थांबत नहीं म्हनतस. मंग मनी सायकल कशी थांबस?" मी म्हटले, रस्ता अडवतो, वारा अडवतो, म्हणून थांबते, आडवे कुणी आलेच नाही तर ती चालतच राहील. चार दिवस मान हलवत राहिला आणि मग हसत खूण केली.

या फेब्रुवारीत धुळ्याच्या यशकळस क्लासेसचे मालक रुपचंद यांच्याकडून एक गठ्ठा शिवायला आला. आमच्या लाल दोऱ्याची शिलाई दिसली की मुले डोळे झाकून नोट्स घेतात, म्हणून आमच्याकडे. दिवाळीत हेच रुपचंद माझे नाव विकत मागायला आले होते, मी नाही म्हटले होते. भिकनने गठ्ठा उघडला आणि मला हाक मारली.

"नाना, अक्षर तुमनं शे, पन लिखेल तुम्ही नहीं."

"कशावरून?"

"समास कोरा शे. कोनलेच काही अडनं नहीं का?"

माझे अक्षर त्यांनी संगणकात घालून घेतले होते. दुसऱ्या दिवशीच्या बारावीच्या पेपरात त्या पानांतले प्रश्न ओळीने आले. भिकन छगनभाऊंच्या चहाच्या दुकानावर सगळ्यांदेखत म्हणाला, "मी हाऊ गठ्ठा घीसन जळगावले पोलीसकडे जासू." गेला. धरणगाव रस्त्यावर टेम्पोने त्याला उडवले. टेम्पो सापडला नाही. गठ्ठाही सापडला नाही. पण एक संच बायंडिंगच्या प्रेसमध्ये दाबलेला राहिला होता, तो माझ्याकडे आहे.

दहाव्याला रुपचंद आले, भिकनच्या फोटोला हार घातला, माझ्याजवळ बसले. "नाना, तुमचं अक्षर म्हणजे देवाचं देणं. वाद घालून ते बाटवू नका." उठताना म्हणाले, "रत्ना रोज बसने धुळ्याला जाते ना? खिडकीशी बसते. पोरीच्या जातीला खिडकी बरी नाही नाना, ऊन लागतं." रत्ना माझी एकुलती मुलगी, बी.एस्सी.ला आहे. तेव्हापासून दुकानासमोर एक पांढरी गाडी येऊन थांबते. काचा काळ्या आहेत. कुणी उतरत नाही.

आता व्यवस्था.

राहते घर पत्नी ताईबाई हिचे. पोस्टातली शिल्लकही तिचीच. देव्हाऱ्यातली कानबाईची परात माझ्या आईची आहे. ती घराबाहेर देऊ नये, कुणी कितीही गोड बोलून मागितली तरी.

दुकान, दोन्ही मशिने, बायंडिंगची प्रेस, भिकनचा टोचा आणि लाल दोऱ्याची रिळे भिकनची पत्नी दिपमाला हिला. तिला शिलाई येते. भिकनपेक्षा सरळ येते, हे तो असताना तिला कुणी सांगितले नाही, म्हणून येथे लिहितो.

धाकटा भाऊ जगदीश दीपनगरला नोकरीत आहे. लग्नाच्या मांडवासाठी नेलेली माझी शिडी त्याने अजून ठेवली आहे. खुशाल ठेवावी. फक्त ती नानाची आहे हे चार माणसांत एकदा म्हणावे.

सर्व विषयांच्या मूळ प्रती रत्नाच्या. तिने त्या कुणालाही उतरवू द्याव्यात, पैसे घ्यावेत किंवा घेऊ नयेत. अट एकच, समास कापायचा नाही.

रुपचंद यांस जडत्वाच्या पानाची एक झेरॉक्स, समासासकट, टपालाने पाठवावी.

आणखी एक गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवतो. मला रक्तदाब नाही, साखर नाही. मला पोहता येते. मी रस्ता ओलांडताना दोन्हीकडे पाहतो. रेल्वेच्या रुळाकडे माझे कधीच काही काम नसते. घर, दुकान, मुलगी, बायको यांत मी समाधानी आहे आणि जीव द्यावा असे माझ्या मनात कधी आलेले नाही, येणारही नाही. यापेक्षा वेगळे कुणी सांगितले तर त्यावर विश्वास ठेवू नये.

कानबाईच्या रोटासाठी, म्हणजे तिच्या नैवेद्याच्या पोळ्यांसाठी, घरातल्या प्रत्येक पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात. भिकन आमच्याच चुलीतला. यंदा गहू घेताना ताईबाईने सवयीने त्याची मूठ भरली आणि हात सुपावर तसाच राहिला. ना टाकवेना, ना मागे घेववेना. मी दाराशी उभा होतो. रत्ना पुढे झाली, आईच्या हाताखाली हात धरला आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "नाना, मनी काळजी करीसन थांबू नका. बस बी तीच, मी बी तीच शे. खिडकीशीच बससू."

गहू सुपात पडले. त्या रोटाचा घास आम्ही तिघांनी वाटून खाल्ला. सोमवारी माझे नाव मी समासात लिहिले ते यासाठी, की इतके महिने त्याच पानावर मीही अडलेला होतो.

आज सकाळी रत्नाला तिच्या बसमध्ये बसवले आणि मी जळगावची बस धरली. पांढरी गाडी धरणगावपर्यंत मागे होती. भिकनची जागा आली तेव्हा मी हात जोडले. जळगावला वरिष्ठ पोलीस अधिकाऱ्यांसमोर जबाब दिला, कोऱ्या समासाचा तो संच आणि माझी खरी पाने शेजारी शेजारी ठेवून दाखवली, सही केली, पोच घेतली. पोच खाली सही करणाऱ्या हेमलताताईंकडे आहे. परतताना गाडी दिसली नाही. ती कुठे गेली ते माहीत नाही.

रत्नालाही सही करायची होती. पण ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, म्हणून ती बाहेर बसली आहे. सुखरूप आली आहे.

दुकान उघडून जडत्वाचे पान पुन्हा काढले. भिकनच्या नावापुढे त्याची खूण होतीच. खाली माझ्या नावापुढे आज मी माझी केली.

लिहून देणार : सुकदेव चिंधा बोरसे (सही)

आमच्यासमोर सही केली, आम्ही त्यांच्यासमोर केली :
१. छगन धुडकू महाजन, चहाचे दुकान, अमळनेर (सही)
२. हेमलता देवराम पवार, निवृत्त ग्रंथपाल, अमळनेर (सही)

ठिकाण : अमळनेर
दिनांक : ७ ऑगस्ट २०२५, गुरुवार