वन्संच्या पांढऱ्या पेशी

३ मार्च
पुन्हा परत पाठवलं! वन्संचा केमोचा पहिलाच डोस तिसऱ्यांदा पुढे ढकलला — पांढऱ्या पेशी कमी. गाठ काही वाट बघत थांबणार नाही, हे डॉक्टरीणबाईंनाही कळतंय. पण एवढ्याशा पेशींवर औषध दिलं आणि जंतुसंसर्ग झाला तर? गाडीत वन्सं म्हणाल्या, "लोक उलट्यांनी हैराण असतात. माझ्या नशिबी त्याही नाहीत." मी हसले. मग खिडकीकडे तोंड करून रडले.

४ मार्च
सासूबाईंचा काढा सुरू. म्हणे त्यामुळेच त्यांच्या दोन्ही मुलांना कधी मलेरिया झाला नाही, सगळी गल्ली कुडकुडत होती तेव्हासुद्धा. वास असा, की डास दारातूनच परत जात असणार.

६ मार्च
माझा संशय आमच्या लॅबमधल्या मशीनवर. पडताळायला ठणठणीत माणसाचं रक्त हवं. घरात एक रेडा आहेच — नवरा. त्याच्याही पेशी कमी! मेकॅनिकला फैलावर घेतलं. त्याने स्वतःचं रक्त घातलं, माझं घातलं. आमचं अगदी व्यवस्थित. मेकॅनिकला चहा पाजला.

७ मार्च
आपला आकडा ऐकून नवऱ्याने अंथरूण धरलं. आवाज खोल गेलाय. "माझ्यामागे आईला सांभाळ," म्हणतो. पेशंट वन्सं, आणि त्याच त्याला पाणी नेऊन देतायत!

९ मार्च
डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं — मशीन तपासायला वन्संचा सख्खा भाऊच निवडला, तेही. त्या हसल्या नाहीत. दोघांना सारखे ताप येतात? जखमा चिघळतात? कधीच नाही. "मग दोघांचा डफी रक्तगट बघा."

डफी म्हणजे तांबड्या पेशींवरचं एक प्रथिन. मलेरियाचा एक प्रकार त्याच दारातून आत शिरतो. काहींच्या तांबड्या पेशींना ते दारच नसतं. अशांच्या पांढऱ्या पेशी रक्तात कमी दिसतात, पण शरीरात इतरत्र कामावर असतात. फक्त हजेरीला नसतात!

बघितलं. दोघांनाही दार नाही. जुने रिपोर्ट काढले, तर वन्संचा आकडा आजारापूर्वीही एवढाच होता. आता डोस थांबवायचा नाही, असं ठरलं. बाईंना मिठीच मारणार होते.

१० मार्च
सासूबाई रुसल्या. काढ्याचं श्रेय गेलं. त्यात मी बोलून गेले, की हे आई आणि वडील दोघांकडून यावं लागतं. "म्हणजे निम्मं यांचं?" सासऱ्यांनी पेपर आणखी वर धरला. नवरा अजून अंथरुणातच. बरं असल्याचं त्याला मान्य नाही.

१२ मार्च
डोस दिला. संध्याकाळी वन्संनी बाथरूममधून हाक मारली. धावले. बादलीवर ओणव्या, घामाघूम — आणि हसतायत.

"वहिनी, झाली बाई एकदाची उलटी."